मासे संपले ते कागदावर!

कागद-पेन्सिल घ्या. समुद्राच्या एका भागात २००० लहान मासे आहेत, आणि त्यांना खाणारे १००० मोठे मासे. दोन्ही हजारांत मोजू. म्हणजे भक्ष्य २, भक्षक १. आता भक्ष्याच्या वाढीचा वार्षिक दर भक्ष्य × (१ − भक्षक) आणि भक्षकांचा भक्षक × (भक्ष्य − १) असा धरा. आकडे मी सोपे केले आहेत, पण समीकरणांचा हा साचा इटालियन गणिती व्हिटो व्होल्टेरा यांनी १९२६ साली मांडला. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या भक्षकांचे प्रमाण वाढले होते. त्याचे कारण त्यांना शोधायचे होते.

एकेक वर्षाची उडी घेत चला. पहिल्या वर्षअखेर भक्ष्य २, भक्षक २. दुसऱ्या वर्षी भक्ष्य ०, भक्षक ४. तिसऱ्या वर्षी दोन्ही शून्य. समुद्र ओस पडला!

माझ्या एका विद्यार्थ्याने संगणकावर हेच केले, सुबक आलेख काढला आणि भक्षकांच्या हावरेपणावर परिच्छेद लिहिला. मीही मान डोलावून सही केली. घरी जाताना बसमध्ये आठवले, की ही समीकरणे कोणालाच शून्यावर जाऊ देत नाहीत. हीच आकडेमोड अर्ध्या वर्षाच्या उडीने करा. मासे २० च्या आसपास उतरतात आणि पुन्हा वाढू लागतात. अचूक उत्तरात तर ते सुमारे ४०६ च्या खाली जातच नाहीत. वर्षारंभीचा दर आपण वर्षभर तसाच धरला, म्हणजे वळणावर गाडी सरळ दामटली.

अशा प्रतिमानांच्या गृहीतांवर विद्वान हिरिरीने भांडतात. भांडावेच. पण आकडेमोड तपासली का, हे विचारणारा विरळा. ज्या आकड्यांवरून मासेमारी किती काळ बंद ठेवायची हे ठरते, त्यांवर कोळ्यांच्या घरची चूल अवलंबून असते. उडी केवढी घेतली आणि ती निम्मी केल्यावर उत्तर किती बदलले, हे त्या आकड्यांशेजारी छापलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

आणखी एक कसोटी आहे. लंबकाची एकूण ऊर्जा तपासावी तशी. भक्ष्य आणि भक्षक यांच्या बेरजेतून त्यांच्या गुणाकाराचा नैसर्गिक लॉगरिथम वजा करा. आपल्या उदाहरणात ही संख्या सतत २.३१ राहायला हवी. पहिल्याच उडीनंतर ती २.६१ झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी ती वही परत मागून घेतली आणि आधी माझी सही खोडली.