युद्ध पेटलं, व्हॉल्व्ह महागला

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल ऐकलंय ना? बटण फिरवलं की आधी तो तापायचा, मग बोलायचा. तेच तंत्र आज लाखोंच्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये विकलं जातंय. काचेच्या नळीतली तार तापते, इलेक्ट्रॉन सुटतात, बारीक सिग्नल मोठा होतो. त्यात आवाज किंचित बदलतो. तो बदलच कानाला गोड लागतो, म्हणून शौकीन पैसे मोजतात.

पण हे व्हॉल्व्ह बनतात कुठे? मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. युक्रेन युद्ध पेटल्यावर मार्च २०२२ मध्ये रशियाने अनेक वस्तूंवर निर्यातबंदी घातली. साराटोवच्या कारखान्यातले व्हॉल्व्ह अडकले, भाव चढले. पुढे परवानगी मिळाली, पण सगळ्यांना धडकी भरलीच.

एकेकाळी आपली बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीही रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. ट्रान्झिस्टर आला, मागणी आटली, ते काम थांबलं. यात चूक कुणाचीच नाही. पण ट्रान्झिस्टरच्या पुढच्या पिढीत, म्हणजे चिपमध्येही आपण बाहेरच्यांवरच अवलंबून राहिलो, हे खरं दुखणं.

त्यामुळे वाशिममध्ये बसून ॲम्प्लिफायर बघा की मोबाइल, किमतीसोबत एक प्रश्न नक्की विचारा: बिघडला तर याचा पार्ट कुठून येणार?