अण्णांची सायकल आणि रुंद टायर

बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर आम्ही एक प्रश्न न चुकता विचारत असू : अडचणीचे खरे कारण कोणते? पुष्कळदा अर्जदार जे कारण सांगे, ते खरे नसे. धंदा मंदावला असे तो म्हणे आणि वह्या पाहिल्यावर कळे की धंदा बरा आहे, उधारी थकली आहे. हा प्रश्न मी हजारो अनोळखी माणसांना विचारला; पण स्वतःच्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत विचारायचा राहून गेला. त्याचीच ही हकीकत आहे. वरकरणी ती केवळ सायकलीच्या टायरांची वाटेल.

आमचे अण्णा १९७२ साली इचलकरंजी सोडून इंग्लंडमधील लेस्टरला गेले. ते शहर त्या काळी होजिअरीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते आणि अण्णा विणकामाच्या यंत्रांवरचे जाणकार होते. १९७८ साली त्यांनी बर्मिंगहॅमच्या डॉज कंपनीची ‘गॅलॅक्सी’ ही सायकल घेतली. लांबच्या प्रवासासाठी घडवलेली ही सायकल १९७१ पासून निघत असे. रेनॉल्ड्स ५३१ या नामांकित पोलादी नळ्यांची चौकट, खाली वळलेले हँडल, मडगार्ड आणि मागे सामानाचा कॅरिअर अशी तिची रचना. सुटीच्या दिवशी पोळीभाजीचा डबा बांधून अण्णा तीस-चाळीस मैल सहज फिरून येत. वयाची साठी उलटल्यावर मात्र त्यांनी ती गॅरेजमध्ये टांगली. ‘हात बधिर होतात, कंबर धरते, आता वय झाले,’ असे ते म्हणाले आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली.

अण्णा जाऊन आता दोन वर्षे झाली. या उन्हाळ्यात मी वहिनींकडे दोन महिने राहिलो. पुतण्याला ती सायकल वडिलांची आठवण म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायची होती. पुसण्यासाठी खाली उतरवली तेव्हा माझे लक्ष टायरांकडे गेले. त्यांवर २७ गुणिले १ असे छापलेले होते, म्हणजे रुंदी जेमतेम २५ मिलिमीटर. मूळ सायकलीवर २७ गुणिले सव्वा इंचाचे, म्हणजे ३२ मिलिमीटरचे टायर येत. मी विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, सेवानिवृत्तीच्या सुमारास कोणा दुकानदाराने सांगितले की बारीक टायर हलके आणि वेगवान असतात. तेव्हापासून हेच. दर रविवारी पंपाचा काटा शंभरावर नेल्याशिवाय ते बाहेर पडत नसत.’

मनात तारखा जुळवल्या. हात बधिर होण्याची तक्रार त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाली होती.

बारीक व कडक टायर म्हणजे वेगवान टायर, ही समजूत फार जुनी आहे. गुळगुळीत पोलादी रुळावर ती काही अंशी खरी ठरेल. पण रस्ता म्हणजे रूळ नव्हे. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खड्याशी उसळतो. तो धक्का चौकटीतून हँडलात, हँडलातून मनगटात आणि सीटमधून कंबरेत जातो. शरीराला जो कंप जाणवतो, तो पुढे जाण्यासाठी लावलेल्या जोरातूनच खर्च झालेला असतो. रुंद टायरात कमी दाबाची हवा पुरते, टायर खड्याभोवती स्वतः दबतो आणि चाक सरळ पुढे जाते. व्यावसायिक शर्यतींतील स्वारही पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर वापरीत. अलीकडे तेसुद्धा २८ वा त्याहून रुंद टायरांकडे वळले आहेत.

हे ज्ञान तसे नवे नाही. फ्रान्समधील सेंत-एतिएन गावी पॉल द व्हिवी नावाचे रेशमाचे व्यापारी होते. १८८७ साली त्यांनी सायकलीचे दुकान व एक मासिक काढले आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहू लागले. ते शाकाहाराचे पुरस्कर्ते होते आणि लांबच्या प्रवासासाठी रुंद टायर व अनेक गिअर यांचा आग्रह धरीत. शर्यतवाल्यांनी त्यांच्या गिअरांची थट्टा केली; पण पुढे १९३७ साली ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीलाही गिअर बदलण्याचे साधन मान्य करावे लागले. हे पाहायला व्हेलोसिओ हयात नव्हते. १९३० साली त्यांचे निधन झाले होते.

पुतण्याला मी म्हटले, भिंतीवर लावण्यापूर्वी एकदा ही रस्त्यावर आणून पाहू. तो कचरला. बाबांची सायकल जशी आहे तशीच राहावी, अशी त्याची इच्छा होती. मी म्हणालो, ‘आहे तशी म्हणजे कोणती? १९७८ ची की नंतर बिघडवलेली?’ मग दोघे मिळून हिशेबाला बसलो.

पहिला हिशेब मापाचा. टायरवर छापलेले इंच फसवे असतात. खरे माप म्हणजे टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास. २७ इंची टायराचा हा व्यास ६३० मिलिमीटर, आजकालच्या ७००-सी टायराचा ६२२ आणि आपल्याकडील दूधवाल्याच्या उंच सायकलीच्या २८ गुणिले दीड टायराचा ६३५ आहे. ७००-सी टायरावर काही कंपन्या २८ असेही छापतात! म्हणून दुकानात जाताना जुन्या टायराच्या कडेला बारीक अक्षरांत असलेले ‘३२-६३०’ यांसारखे जोडआकडे लिहून न्यावेत. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. तेथे एका मिलिमीटरचीही तडजोड नाही.

दुसरा हिशेब पर्यायांचा. एक, मूळ रिमवर ३२-६३० टायर घालणे. या मापात निवड थोडी आहे. तरी जपानी पॅनारेसर पासेला व जर्मन श्वाल्बे मॅरेथॉन असे चांगले टायर निघतात. दोन, ७००-सी चाके बसवून ३५ मिलिमीटरपर्यंतचे टायर घेणे. येथे निवड अफाट आहे. रिम त्रिज्येत ४ मिलिमीटर खाली जाते, तेवढे ब्रेकचे ठोकळे खाली सरकवावे लागतात आणि जुन्या लांब पोहोचेच्या ब्रेकना ते बहुधा जमते. तीन, ५८४ व्यासाची, ६५०-बी म्हणतात ती लहान चाके घालून आणखी रुंद टायर घेणे. तेथे ब्रेक २३ मिलिमीटर खाली न्यावे लागतात, म्हणजे ब्रेकच बदलणे आले. शिवाय सायकल खाली बसते आणि वळणावर पेडल जमिनीला लागण्याचा धोका वाढतो.

तिसरा हिशेब जागेचा. टायर व चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस किमान ४ मिलिमीटर आणि मडगार्डखाली सुमारे एक सेंटिमीटर मोकळीक हवी. मागे साखळीजवळच्या नळ्यांमध्ये आणि पुढच्या चिमट्यात, दोन्हीकडे मोजावे. पुढच्या मडगार्डमध्ये काटकी अडकून चाक जाम झाले, तर स्वार हँडलावरून पुढे फेकला जातो. एवढ्याशा मिलिमीटरांसाठी असा धोका पत्करू नये.

चौथा हिशेब टायराच्या जातीचा. जाड पट्ट्याचा पंक्चररोधक टायर निर्धोक असतो, पण ताठ असतो. पातळ, लवचीक कडांचा टायर मऊ धावतो, पण काच-काट्यांना थोडा अधिक बळी पडतो. रोज कामावर जाणाऱ्याने पहिला घ्यावा. सुटीत फिरणाऱ्याने पंक्चरचे सामान जवळ बाळगून दुसरा घ्यावा.

आम्ही पहिला पर्याय आणि पासेला टायर निवडले. बँकेतली सवय : आधी छोटी रक्कम, परतफेड पाहून पुढचे. यात चौकट, चाके, ब्रेक कशालाही हात लावावा लागला नाही. जुने टायर काढताना त्यांच्या कडांवर बारीक भेगा दिसल्या. रबर वापराविनाही म्हातारे होते. असा टायर कितीही नवा दिसला तरी त्यावर बसू नये. ट्यूब व रिमवरची पट्टीही नवी घातली.

शेवटचा हिशेब हवेचा आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. फ्रँक बर्टो या अमेरिकन अभ्यासकाने एक सोपा नियम दिला : स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावा. माझे व सायकलीचे वजन मिळून ८२ किलो. त्यातले सुमारे ४५ किलो मागच्या चाकावर पडते. त्या भाराला २५ मिलिमीटरच्या टायरात दर चौरस इंचाला सुमारे ८८ पौंड दाब लागतो, तर ३२ च्या टायरात ५८ च्या आसपास पुरतो. पुढच्या चाकाला ४५ पुरतात. हा आकडा आरंभापुरता मानावा. टायरावर व रिमला झेपणारी मर्यादा मात्र ओलांडू नये. जुन्या काही रिमांच्या कडांना आतून पकड नसते, तेथे हवा बेतानेच भरावी.

पुढच्या रविवारी लेस्टरच्या ग्रेट सेंट्रल वेवर आम्ही गेलो. जुनी रेल्वेलाईन उठवून तेथे पायी व सायकलने जाण्याची वाट केली आहे. अण्णांची ती आवडती वाट. आधी मी गेलो, मग पुतण्या. तो बऱ्याच वेळाने परतला. सायकल झाडाला टेकवून त्याने दोन्ही तळहात उघडून पाहिले आणि म्हणाला, ‘काका, बाबांना हे कोणी सांगितले असते तर?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हात बधिर होण्याची कारणे अनेक असतात आणि त्यासाठी डॉक्टरांनाच दाखवावे लागते. टायर हे काही औषध नव्हे. अण्णांचा त्रास टायरांमुळेच होता, असे मी म्हणणार नाही. मला खंत वेगळीच आहे. त्यांनी ‘वय झाले’ म्हटले आणि आम्ही कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. पन्नास पौंडांपेक्षा जास्त हवा चाकात होती आणि दोष आम्ही वयाच्या खात्यावर टाकला.

सायकल आता भिंतीवर नाही. पुतण्या रविवारी ती बाहेर काढतो. निघण्यापूर्वी वहिनी अंगठ्याने टायर दाबून पाहतात.

आपल्याही घरी दुकानाच्या मागे किंवा जिन्याखाली कोणा वडीलधाऱ्यांची सायकल धूळ खात उभी असेल. त्यांनी ती का सोडली, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. मग टायरावरचे आकडे वाचा. वेळ हाताशी आहे तोवर विचारा.