कुलूप नागरिकाचे, किल्ली कोणाची?

सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि लोकक्षोभ होताच २२ तारखेस तो मागे घेतला. किल्लीवाचून वाचता येऊ नये असा गणिताने बदललेला मजकूर म्हणजे एन्क्रिप्शन. अशा मजकुराची उघडी प्रत नागरिकाने ९० दिवस जपावी व मागताच तपासयंत्रणेस द्यावी, ही त्या मसुद्यातील मेख होती. तिजोरीस कुलूप लावावे आणि दागिने ओसरीवर मांडावेत, असाच हा प्रकार!

वाचकहो, जमिनीचे कागद, आजारपणाचे अहवाल आपण आता झिप फाईलमध्ये बांधून पाठवतो. मात्र जुन्या झिप पद्धतीचे कुलूप कच्चे असल्याचे बिहाम व कोचर या अभ्यासकांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते. 'सेव्हन-झिप' हे मोफत सॉफ्टवेअर २५६ बिटांची एईएस पद्धत वापरते. सांगितल्यास आतील फाईलींची नावेही झाकते. (पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहून पाठवणाऱ्यांपुढे कोणत्याही सॉफ्टवेअरचा इलाज नाही.)

गुन्ह्यांचा तपास व्हावा, हे आम्हांस मान्यच आहे. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. आदेशानंतरही कुलूप उघडण्यास साहाय्य न करणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा आदेश सामान्यतः न्यायाधीश नव्हे, गृहसचिव देतात. आमची खरी हरकत येथे आहे. आणि ज्या कलम ८४-अ च्या आधारे तो मसुदा आला, ते कायद्यात कायम आहे.