पवनीला जा, पण मागही पाहून या

मुलांना सुट्या लागल्या की यंदा कुठे जायचे, हा प्रश्न घरोघरी निघतो. लांबचा प्रवास आपल्या मिळकतीत बसत नाही. आम्ही म्हणतो, बंधू-भगिनींनो, एक दिवस काढा आणि पवनीला जा. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे एस.टी. जाते. डबा सोबत घ्या.

वैनगंगेच्या काठचे हे गाव फार जुने. एका अंगाला नदी, बाकी बाजूंना मातीचा तट आणि खंदक. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. नागराज मुचलिंद कोरलेला स्तंभ येथलाच. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. अनेकांच्या लहान-मोठ्या दानातून असे स्तूप उभे राहत, हे मुलांना तिथेच समजावून सांगा.

पण आपली मंडळी वंदना घेतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. आमचा आग्रह आहे, या भागातले विणकामही पाहा. पवनी पूर्वी बारीक सुताच्या, रेशीमकाठी कापडासाठी नावाजलेली होती. आता हातमाग फार कमी झाले. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या साड्यांसाठी ओळखले जाते. करवतकाठी साडीचा काठ करवतीच्या दात्यांसारखा. काठाचे आणि अंगाचे रंग वेगळे राहावेत म्हणून तीन धोटे चालवावे लागतात.

हा कोसा येतो जंगलातून. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर बांधव करीत आले. झाड तुटले की कोसा गेला आणि माग थांबला. पवनीलगतच उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य आहे, वाघासाठी लोक तिथे जातात. ऐनाचे झाडही मुलांना ओळखायला शिकवा.

विणकाम आपल्यालाही परके नाही. आपल्या समाजातील कितीतरी वाडवडील जाडेभरडे कापड विणीत. गिरणीचे कापड आले, माग बसले, आणि पुष्कळजण १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला लागले. पुढे ती गिरणीही बंद पडली.

म्हणून साडी घेताना थोडा हिशेब करा. सूत, रंग आणि विणणाऱ्याची मजुरी आपण धरतो. कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईची मजुरी कोणी धरते काय? दुकानात छापील किंमत निमूट देणारे आपण मागावर मात्र शंभर रुपयांसाठी अडून बसतो. ऐपत नसेल तर साडी घेऊ नका, नुसती पाहा, विचारपूस करा. घ्यायची असेल तर विणकराच्याच हातून घ्या आणि घासाघीस करू नका. कष्टाचे मोल कष्टकऱ्याने नाही जाणायचे, तर कोणी जाणायचे?