विश्लेषण : पिकअपला कॅम्पिंग ट्रेलर जोडताना कोणता आकडा आधी पाहायचा?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. तेव्हापासून चाकांवरचे घर घेऊन फिरण्याची चर्चा मुंबईकरांच्या सुट्टीच्या बेतांतही शिरली आहे. त्यातले बहुतेक जण तयार कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतात. मात्र दारात डबल-कॅब पिकअप असलेल्यांना दुसरा पर्याय खुणावतो. एक छोटा ट्रेलर घ्यायचा, पिकअपच्या मागे जोडायचा आणि घाट चढायचा. गाडी तो ओढेल का, एवढेच विचारले जाते आणि उत्तर बहुधा ‘हो’ असते. पण अडचण ओढण्याची नसतेच, ती पेलण्याची असते.

ओढण्याची क्षमता आणि पेलण्याची क्षमता वेगळी कशी?

पिकअपच्या बाबतीत चार आकडे महत्त्वाचे असतात. गाडीचे रिकामे वजन, भारासह कमाल एकूण वजन, प्रत्येक अक्षावर पडू शकणारे कमाल वजन आणि ओढता येणाऱ्या ट्रेलरचे वजन. जाहिरातीत आणि यूट्यूबवर चर्चा शेवटच्याचीच होते, कारण तो सर्वांत मोठा दिसतो. परदेशात टोयोटा हायलक्सच्या काही मॉडेलना ब्रेक असलेला ३,५०० किलोचा ट्रेलर ओढण्याची मुभा आहे. तो आकडा भारतातल्या गाडीला तसाच चिकटवता येत नाही. इंजिन, स्प्रिंग, टो हुक आणि त्या देशातली मान्यता यांवर तो ठरतो. इथे विकल्या गेलेल्या गाडीच्या पुस्तिकेत जे छापले आहे, तेवढेच खरे.

मोटर वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक धरला जात नाही. म्हणजे चालक, कुटुंब, मागच्या हौद्यातले सामान, टो हुकाचा सांगाडा आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हुकावर येणारा दाब, हे सगळे एकाच हिशेबातून जाते. कमाल एकूण वजनातून रिकामे वजन वजा केल्यावर जे उरते, ते पेलोड. केबिन जितकी आलिशान आणि फोर-व्हील-ड्राइव्हचा सरंजाम जितका जास्त, तितके रिकामे वजन वाढते आणि पेलोड आक्रसतो. महागडे मॉडेल कमी भार वाहते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण बाजारात माल टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला हे सांगावे लागत नाही. तो मागचे पाटे किती सपाट झाले, हे पाहूनच अंदाज बांधतो.

मालाड ते इगतपुरी : हिशेब मांडून पाहू

समजा, मालाडच्या एका कुटुंबाकडे १,९५० किलो रिकाम्या वजनाची पिकअप आहे आणि आरसी बुकात कमाल एकूण वजन २,४५० किलो लिहिले आहे. पेलोड ५०० किलो. पुस्तिकेनुसार ट्रेलर ओढण्याची क्षमता २,५०० किलो. घेतलेला ट्रेलर सामानासह १,१०० किलोचा, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. वरवर पाहता चिंतेचे कारण नाही.

आता भर घालत जाऊ. आजीसह पाच माणसे ३३० किलो. हौद्यात तंबू, बॅगा, फ्रिज मिळून ९० किलो. टो हुकाचा सांगाडा २५ किलो. ट्रेलर स्थिर चालावा म्हणून त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर असावा, असा अमेरिकेतला प्रघात आहे. युरोपात तो याहून कमी धरतात. दहा टक्क्यांनी ११० किलो. बेरीज झाली ५५५ किलो. ओढण्याच्या क्षमतेतले १,४०० किलो शिल्लक असताना पिकअप ५५ किलोंनी ओव्हरलोड झाली.

मागच्या अक्षाचा हिशेब आणखी कडक आहे. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तरफेसारखा परिणाम होतो. दोन अक्षांमधले अंतर ३ मीटर आणि हुक मागच्या अक्षापासून १.२ मीटर मागे धरला, तर हुकावरच्या ११० किलोंमुळे मागच्या अक्षावर १५४ किलो वाढतात आणि पुढच्या अक्षावरचे ४४ किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टीअरिंग सैल लागते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पावसात पुढच्या ब्रेकची पकड कमी होते.

यावर एक उपाय फुकट आहे. हौद्यातले ९० किलो सामान ट्रेलरमध्ये, त्याच्या अक्षाच्या जवळ ठेवायचे. ट्रेलर १,१९० किलोचा होतो, हुकावर सुमारे ११९ किलो येतात आणि पिकअपवरचा एकूण भार ४७४ किलोंवर उतरतो. अर्थात ट्रेलरच्या स्वतःच्या आरसीतली मर्यादा तेवढी असेल तरच. तेच सामान ट्रेलरच्या अगदी मागे कोंबले तर मात्र हुकावरचा दाब घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. सामान किती, याइतकेच ते कुठे, यालाही महत्त्व आहे.

पाण्याचा विसर पडतो तो वेगळाच. एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी मालाडमध्ये भरून नेणे म्हणजे दीड माणूस जास्त बसवणे. घरगुती भरलेला गॅस सिलिंडरही तीस किलोंच्या आसपास जातो. टाकी मुक्कामी भरणे शहाणपणाचे.

घाटात काय होते?

मालाडहून इगतपुरीला जाताना दहिसर ओलांडून घोडबंदर रस्ता लागतो. तिथला गायमुखचा छोटा घाट कोंडीत थांबत-सरकत चढावा लागतो आणि क्लचची पहिली परीक्षा तिथेच होते. पुढे कसारा घाट. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. चढताना फार तर इंजिन तापेल. खरा प्रश्न परतीच्या उताराचा. वरच्या उदाहरणात पिकअप आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या घरात जातात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हे सगळे वजन अडीच टनांहून कमी भारासाठी बनवलेल्या ब्रेकना थोपवावे लागते. युरोपात ७५० किलोंपर्यंतचे ट्रेलरच ब्रेकशिवाय चालतात, ते याचमुळे. स्थानिक गॅरेजमध्ये ट्रेलर बनवून घेणारे लांबी, बेड आणि किचन विचारतात. ब्रेक आहेत का आणि रिकामे वजन काट्यावर किती भरले, हे आधी विचारायला हवे.

कायदा काय म्हणतो?

ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसायला हवा. कलम ११३ नुसार आरसीतल्या एकूण वजनापेक्षा जास्त भार घेऊन गाडी किंवा ट्रेलर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. शिवाय जादा भार उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडली जात नाही, आणि उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याचाच. रविवारी रात्री महामार्गाच्या कडेला हे घडले तर दंडापेक्षा मनस्ताप मोठा.

लायसन्सबाबतही एक गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्यांना ७,५०० किलोंपर्यंतची परिवहन वाहने चालवता येतील, असे त्यात म्हटले आहे. पण हा निकाल कोणी काय चालवावे याबद्दल आहे. गाडीत किती भरावे, ते आरसीच ठरवते.

वजन करायचे कुठे आणि कसे?

ट्रक जिथे थांबतात तिथे वजनकाटे असतात. सगळे सामान आणि माणसे बसवून, ट्रेलर जोडलेला असताना आधी फक्त पिकअपची पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पिकअपची चारही चाके, आणि शेवटी ट्रेलरसह पूर्ण गाडी. पहिल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून मागच्या अक्षाचे वजन निघते. दुसरा आकडा आरसीतल्या एकूण वजनाशी आणि तिसरा पुस्तिकेतल्या पिकअप-ट्रेलरच्या एकत्रित मर्यादेशी ताडून पाहावा. ही एकत्रित मर्यादा अनेकदा दोन्ही स्वतंत्र मर्यादांच्या बेरजेपेक्षा कमी असते. मग ट्रेलर सोडवून पिकअप पुन्हा काट्यावर घ्यावी. दुसऱ्या आणि या आकड्यातला फरक म्हणजे हुकावरचा भार. लहान फरक मोठ्या काट्यावर नीट कळत नाही, म्हणून शक्य असेल तर हुकाचा दाब छोट्या काट्यावर वेगळा मोजावा.