विश्लेषण : आईची मांडी म्हणजे सीटबेल्ट नव्हे! गाडीत लहान मुलांसाठी वेगळी सीट का हवी?

गाडी घेताना मायलेज, रंग, सनरूफ यांवर घराघरांत चर्चा होते. गाडीतले सर्वांत लहान माणूस कुठे आणि कसे बसणार, हा विषय मात्र कुणी काढत नाही. नांदेड-लातूर पट्ट्यात वाहने आणि वेग दोन्ही वाढत असताना हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर आणि पुढे औसा, तुळजापूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा या भागाचा मुख्य रस्ता. लग्नसराई असो, तुळजाभवानीचे दर्शन असो की माळेगावची यात्रा, कुटुंबेच्या कुटुंबे याच रस्त्याने जातात. अलीकडच्या वर्षांत या मार्गाचे बरेच टप्पे चौपदरी झाले. पूर्वी खड्ड्यांमुळे चाळीसच्या पुढे न जाणारा काटा आता सहज शंभरला टेकतो.

अशा गाड्यांच्या काचेतून आत डोकावले तर चित्र बहुतेक ठरलेले असते. वडील गाडी चालवत असतात. शेजारी आईच्या मांडीवर तान्हे बाळ. दोन सीटांच्या मधल्या फटीत उभे राहून समोरचा रस्ता पाहणारे चार-पाच वर्षांचे मूल. सनरूफ असेल तर तेच मूल डोके बाहेर काढून वारा खात असते आणि मागून मामा त्याचा व्हिडीओ काढत असतो. या मुलांच्या लाडात काही कमी नाही. कमी आहे ती एका साध्या माहितीची.

घट्ट धरले तरी बाळ सुरक्षित का नाही?

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने झाडावर किंवा रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर आदळली, तर तिचा पुढचा भाग चेपतो आणि ती साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबते. आत बसलेली माणसे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. त्यांना गाडीबरोबर थांबवायचे तर त्यांच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर लागतो. म्हणजे १० किलोच्या बाळाला रोखायला २०० किलोंचा जोर हवा. दोन क्विंटल सोयाबीनचा भार डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दोन हातांवर झेलण्यासारखे हे आहे. मोंढ्यात आयुष्य काढलेल्या हमालालाही ते जमणार नाही. मग आईच्या हातांकडून ती अपेक्षा कशी करायची?

आईने बेल्ट लावला नसेल तर तिचेच वजन बाळावर येते. एकच बेल्ट दोघांवरून घेतला तर बाळ आई आणि पट्टा यांच्यामध्ये चिरडते. त्यात पुढची सीट असेल तर समोर एअरबॅग असते. मोठ्यांना वाचवणारी ही एअरबॅग उघडताना इतक्या जोराने बाहेर येते की, तान्ह्या बाळाला तिचाच तडाखा प्राणघातक ठरू शकतो.

मूल मागच्या सीटवर बसले की झाले?

मागची सीट मुलांसाठी पुढच्यापेक्षा बरी, हे खरे. पण मागे बेल्ट लागत नाही, हा समज मराठवाड्याला तरी परवडणारा नाही. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत झालेल्या अपघातात गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा उलटला होता. ते मागच्या सीटवर बसले होते. मागचा पट्टा लावला असता तर त्यांचा जीव वाचू शकला असता, असे त्यांचे सहकारी मंत्री आणि स्वतः डॉक्टर असलेले हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. तीही मोठ्यांच्या बेल्टपाशीच थांबली.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीटबेल्ट लावला नव्हता आणि त्यातले ८ हजार ३३१ जण चालक नव्हे, प्रवासी होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा सीटने बांधलेले नसेल, तर त्यात १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. खरी मेख त्या ‘किंवा’मध्ये आहे. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने केलेला असतो. दोन वर्षांच्या मुलाला तो लावला तर पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर आणि कमरेऐवजी पोटावर येतो. कायद्याचे समाधान होते, मुलाचे संरक्षण होत नाही. लहान वयासाठी हा ‘किंवा’ काढून टाकायला हवा.

कोणत्या वयाला कोणती सीट?

तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून बसवायची. धक्का बसला की बाळाचे डोके, मान आणि पाठ यांना सीटचा आधार मिळतो. युरोपात वापरल्या जाणाऱ्या ‘आय-साइज’ नियमांत किमान १५ महिन्यांपर्यंत ही पद्धत सक्तीची आहे. त्यानंतरही सीटच्या मर्यादेत बसते तोवर मूल तसेच ठेवलेले बरे. पुढचा टप्पा समोर तोंड असलेल्या, खांद्यावरून पट्टे येणाऱ्या सीटचा. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचा बेल्ट योग्य जागी आणणारी बैठक. उंची साधारण १५० सेंटिमीटर होईपर्यंत ती लागते.

सीट नेहमी मागे बसवावी. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर तर कधीच ठेवू नये. गाडीत ‘आयसोफिक्स’ची कडी असेल तर आधार घट्ट मिळतो, नसेल तर बेल्टने बसणाऱ्या सीटही मिळतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या अंदाजानुसार, अशा सीटमुळे मोटारीतील एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

मग पालक सीट का घेत नाहीत?

पहिले कारण किमतीचे सांगितले जाते. साधी सीट काही हजारांत येते आणि ती चार-पाच वर्षांत निकामी होणार, हा हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण लाखोंच्या गाडीत सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि काचेच्या फिल्मवर तेवढाच खर्च बिनबोभाट होतो. दुसरे कारण, ‘बाळ रडते’. पहिल्या प्रवासापासून सवय लावली तर बहुतेक मुले त्या सीटला सरावतात. तिसरे कारण आजी-आजोबांचे : ‘आम्ही तुम्हाला मांडीवरच वाढवले.’ त्या वेळी एसटीचा वेग किती होता आणि आज आपल्या गाडीचा किती, एवढेच त्यांना समजावून सांगावे. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आजीला तर हे सांगावेही लागत नाही. तिथे अनेक रुग्णालये गाडीत सीट असल्याची खात्री करूनच बाळाला घरी सोडतात, हे तिने पाहिलेले असते.

आपल्याकडची बहुतांश मुले दुचाकीवरच फिरतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठीही फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नियम केला आहे : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत. पण दुचाकीवर धोका आहे म्हणून मोटारीतला धोका कमी होत नाही.

सुरुवात कुठून करावी?

दंडाच्या पावत्या फाडून हे काम होणार नाही. पालकांना ही गोष्ट योग्य क्षणी सांगणारे कुणीतरी हवे. असे दोन क्षण प्रत्येक घरात येतात. एक, प्रसूतीनंतर बाळ घरी निघते तो. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, खासगी प्रसूतिगृहे तर गल्लोगल्ली. लसीकरणाचे कार्ड देताना तिथे दोन वाक्ये सांगायला पैसे लागत नाहीत. दुसरा क्षण, शोरूममध्ये गाडीच्या चाव्या हाती पडतात तो. हार-नारळ आणि फोटोच्या गडबडीत ‘घरात लहान मूल आहे का?’ हा प्रश्न विक्रेत्याने विचारलाच पाहिजे.

खर्चाचा तोडगा आपल्याच रिवाजात आहे. बारशाचा पाळणा प्रत्येक घर नवा घेत नाही. तो बहिणीकडून भावाकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे फिरतो. सीटही तशी फिरू शकते. अट एवढीच की, ती अपघातातून गेलेली नसावी, पट्टे व कड्या शाबूत असाव्यात आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. पुढच्या बारशाला चांदीचा वाळा आणि झबल्याचा दहावा जोड देण्यापेक्षा मामा, काका, आत्यांनी मिळून ही एक सीट दिली, तर बाळ आजोळहून घरी निघेल तेव्हा तिचा पहिला उपयोग होईल.