यंत्र विकलें, अन्न तोडलें

जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्यासाठीं फिल्म शोधीत दुकानोदुकानीं फिरणाऱ्या मनुष्याकडे पाहून हंसणें फार सोपें आहे. ‘खिशांतल्या मोबाईलनें हजार चित्रें काढतां येत असतां या खोक्याचा हट्ट कशाला?’ असा प्रश्न व्यवहारचतुर लोक विचारतात, आणि आपण त्यास निरुत्तर केलें अशा समाधानांत पुढें जातात. आमच्या मतें या प्रकरणांत दोषास पात्र असें जें कांहीं आहे तें त्या बिचाऱ्या शोधकर्त्याकडे नसून त्याला कॅमेरा विकणाऱ्याकडे आहे.

आधीं हें यंत्र कसें आहे तें पाहूं. एडविन लँड या अमेरिकन संशोधकानें तत्काळ छायाचित्राचें पहिलें जाहीर प्रात्यक्षिक १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें केलें, आणि पुढच्याच वर्षीं बोस्टनच्या एका दुकानांत त्याचा कॅमेरा विक्रीस आला. १९७२ सालच्या ‘एसएक्स-७०’ या कॅमेऱ्यांतून तर चित्र आपोआप बाहेर येऊन डोळ्यांदेखत उमटूं लागलें. या चित्रास वेगळी निगेटिव्ह नसते; म्हणून तें हातच्या पत्राप्रमाणें एकमेव असतें. परंतु अंधाऱ्या खोलींतलीं सारीं रसायनें येथें फिल्मच्याच पोटांत असतात, आणि या जातीच्या कॅमेऱ्यास चालविणारी बॅटरीही फिल्मच्या पाकिटांतच बसविलेली असते. पाकीट नसेल तर चित्र तर राहोच, यंत्राची कळही हलत नाहीं. साध्या कॅमेऱ्याची ३५ मिलिमीटरची फिल्म अनेक कारखाने करीत आले; हा कॅमेरा मात्र एकाच हातचा घास खाणारा. तो हात आंखडला कीं उपवास ठरलेला!

हा हात आंखडल्यावर काय होतें याचा दाखला जुना आहे. कोडॅक कंपनीनें १९७६ सालीं आपले तत्काळ कॅमेरे बाजारांत आणले. पोलरॉइडनें पेटंटभंगाचा दावा लावला, आणि न्यायालयाच्या हुकुमानें १९८६ च्या जानेवारींत कोडॅकला हा धंदा बंद करावा लागला. पोलरॉइडची फिल्म त्या कॅमेऱ्यांत बसत नव्हती. दोन धनाढ्यांच्या भांडणांत लक्षावधि कुटुंबांच्या हातीं निरुपयोगी खोकीं राहिलीं. कोडॅकला त्या गिऱ्हाइकांस भरपाई द्यावी लागली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण यंत्र विकल्यानें विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाहीं हें तत्त्व त्यांतच आलें.

पुढें २००८ सालीं खुद्द पोलरॉइडनेंच फिल्मचें उत्पादन सोडलें. सोलून काढावयाच्या फिल्मवर चालणाऱ्या तिच्या आणखी जुन्या कॅमेऱ्यांना फूजीफिल्मचा आधार होता. तोही २०१६ सालीं तुटल्याचें जाहीर झालें. आतां व्यवहारचतुरांचें म्हणणें असें कीं, गिऱ्हाईकच उरलें नाहीं, त्याला कारखानदार काय करणार? हें म्हणणें हॉलंडमधील एन्स्खेडे गांवीं खोटें ठरलें. पोलरॉइडचा तेथील अखेरचा कारखाना मोडीत निघण्याच्या बेतांत असतां फ्लोरियान काप्स आणि आंद्रे बोसमान यांनीं त्यांतील यंत्रें विकत घेतलीं, कांहीं जुने कामगार हाताशीं धरले, आणि आपल्या उद्योगास ‘इम्पॉसिबल’ म्हणजे ‘अशक्य’ असें नांव दिलें. यंत्रें मिळालीं, पण आंत घालावयाचीं कितीएक द्रव्यें बनणें बंद झालें होतें. कृति जवळजवळ नव्यानें शोधावी लागली. २०१० सालीं आलेली त्यांची पहिली फिल्म कृष्णधवल होती, आणि बाहेर पडतांच तिला उजेडापासून झांकावें लागे. तरीही लोकांनीं ती घेतली. हाच उद्योग २०२० पासून पोलरॉइडच्या नांवानें चालतो, आणि ‘एसएक्स-७०’ व ‘६००’ या जातींच्या कॅमेऱ्यांस आजही फिल्म पुरवितो. पूर्वीच्या पाकिटांत दहा चित्रें असत, आतां आठ असतात. आणि ‘स्पेक्ट्रा’ जातीच्या कॅमेऱ्यांची फिल्म त्यांनाही २०१९ सालीं सोडावी लागली. तेव्हां गिऱ्हाईक मेलें नव्हतें. त्याला मृत ठरविण्याची घाई झाली होती.

‘मग काय तोट्यांत कारखाना चालवावा?’ असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. ज्यास दुकान चालवावयाचें नसेल त्यानें तें खुशाल बंद करावें. परंतु किल्ली विहिरींत टाकूं नये. पेटंटाच्या बळावर इतरांना वर्षानुवर्षें दाराबाहेर उभें करणाऱ्यानें, स्वतः जातांना दार उघडें ठेवून जावें, इतकीच आमची मागणी आहे. बंद करण्यापूर्वीं पुरेशी सूचना द्यावी, आणि कच्चा माल पुरविणारे पांगण्याच्या आधींच कृति व यंत्रें चालवूं इच्छिणाऱ्याच्या स्वाधीन करावीं. एन्स्खेडेच्या कष्टांचा धडा हाच आहे कीं, साखळी तुटल्यावर दिलेलें लोखंड फारसें उपयोगीं पडत नाहीं.

हा प्रश्न एका कॅमेऱ्यापुरता असता तर आम्हीं एवढी शाई खर्च केली नसती. परंतु घरांतला छापण्याचा प्रिंटर आपल्याच कंपनीची शाई मागतो, पाणी शुद्ध करणारें यंत्र आपल्याच मापाची गाळणी मागतें. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आतां सुरू झाली आहे. आपल्या सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत त्यासाठीं एक पोर्टल उघडलें, आणि युरोपीय संघानें २०२४ सालीं तसा कायदाही केला. पण धडधाकट यंत्र केवळ उपासमारीनें मरत असेल तर दुरुस्तीचा हक्क घेऊन काय करावयाचें?

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, पुढचें यंत्र घरांत आणण्यापूर्वीं किंमत विचारून थांबूं नये. ‘याला खावयास कोण घालणार, आणि किती वर्षें?’ हेंही दुकानदारास विचारावें. तो हंसेल. हंसूं द्यावा. हा प्रश्न पुरेशा लोकांनीं विचारला, तर त्याचें उत्तर लेखी देण्याची पाळी एक दिवस कारखानदारावर येईल.